राबलेल्या ट्रकचे मोल

अमेरिकेतल्या जुन्या ट्रकांच्या विक्रीच्या जाहिराती ओळीने वाचत गेले की त्यांचा साचा लवकरच ध्यानात येतो. साल १९५० च्या आगेमागेचे. कंपनी शेवरोले, फोर्ड, डॉज किंवा इंटरनॅशनल. क्षमता दीड टन. मागे लाकडी कठड्यांचा हौदा, म्हणजे तिकडच्या भाषेत स्टेक-बेड. रंग गडद हिरवा नाहीतर लाल. पुढे ते हमखास वाक्य येते : पूर्ण रिस्टोअर केलेला, नव्यापेक्षाही सरस. छायाचित्रात ओकच्या फळ्यांवर वार्निश चमकत असते, बोनेटमध्ये आकाशाचे प्रतिबिंब पडलेले असते आणि हौद्यात शोभेपुरती गवताची एखादी गाठ ठेवलेली असते. ‘नव्यापेक्षाही सरस’ ह्या दाव्याचीच इथे तपासणी करायची आहे. राजेरजवाड्यांसाठी बांधलेल्या मोटारीच्या बाबतीत तो दावा निदान समजण्याजोगा आहे, कारण दिसणे हे तिच्या कामातच मोडत होते. स्टेक-बेड ट्रक मात्र कुणाला दाखवायला बनवलेला नव्हता. त्याला दोनच कसोट्या लावाव्यात असे माझे मत आहे. तो आजही माल वाहू शकतो का, आणि आजवर वाहिलेल्या मालाची साक्ष त्याच्या अंगावर किंवा कागदपत्रांत उरली आहे का? ह्या दोन्हींत उतरणारा ट्रक डागाळलेला असला तरी मोलाचा. दोन्हींत नापास झालेला ट्रक कितीही लखलखला तरी ते ट्रकच्या आकाराचे फर्निचर आहे.

ह्या कसोट्या कुठून आल्या ते समजायला स्टेक-बेडची रचना पाहावी लागते. चासीवर आडवी लाकडे, त्यांवर सपाट फळ्या, फळ्यांच्या कडेने लोखंडी खोबण्या, आणि त्या खोबण्यांत उभे केलेले खुंट. खुंटांना आडव्या पट्ट्या ठोकून कठड्याचे भाग तयार होतात आणि ते आकड्यांनी एकमेकांत अडकवले जातात. जनावरे न्यायची असली की कठडे चढवायचे, लाकडाचे ओंडके किंवा यंत्र लादायचे असले की दोन माणसांनी ते उपसून बाजूला ठेवायचे. आपल्याकडच्या बैलगाडीला कडबा भरताना खुंट रोवून उंची वाढवतात, त्याच अकलेचे हे मोटारीवरचे रूप. फोर्डने १९१७ साली एक टन क्षमतेची मॉडेल टीटी बाजारात आणली तेव्हा ६०० डॉलरला मिळत होती ती नुसती चासी, इंजिन आणि चाके. केबिन नाही, हौदा नाही. ते ज्याचे त्याने गावातल्या सुताराकडून, लोहाराकडून किंवा बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडून करून घ्यायचे. पुढे १९२८ ते १९३१ ह्या काळात आलेल्या मॉडेल एएला ४० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि कारखान्यात बांधलेला हौदाही मिळे. तरीही यंत्र एकाचे आणि अंग दुसऱ्याचे हा रिवाज संपला नाही. ह्याच एएच्या आराखड्यावर सोव्हिएत रशियात १९३२ पासून ‘गाझ-एए’ बनू लागला. लेनिनग्राडच्या वेढ्यात गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून धान्य नेणाऱ्या गाड्यांत त्याची संख्या मोठी होती. साधी, उघडी, कुठेही दुरुस्त होणारी रचना असल्याशिवाय बर्फावर तसले काम निभावत नाही.

आता मुख्य उदाहरण घेऊ : शेवरोलेची १९४७ च्या उन्हाळ्यात आलेली ‘अॅडव्हान्स डिझाइन’ मालिका. आज विक्रीला येणाऱ्या रिस्टोअर केलेल्या स्टेक-बेड ट्रकांत हिचा भरणा मोठा आहे आणि ती १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनत होती. दीड टनी गाडी १३७ आणि १६१ इंच अशा दोन लांबींच्या व्हीलबेसवर मिळे; पहिलीवर नऊ फुटी, दुसरीवर बारा फुटी स्टेक हौदा बसे. इंजिन २१६ घन इंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडर, ९० अश्वशक्ती. त्याची तेलपाण्याची व्यवस्था लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांना तेल पंपाच्या दाबाने मिळे, पण कनेक्टिंग रॉडच्या टोकांना छोटे चमचे असत आणि ते खालच्या पन्हाळीतले तेल उडवून घेत. बेअरिंगे बॅबिट ह्या मऊ मिश्रधातूची, ओतून केलेली. मध्यम वेगाला हे इंजिन वर्षानुवर्षे कुरकुर करीत नाही. तासन्‌तास पळवले तर रॉडची बेअरिंगे जातात. मागच्या आसाचे गुणोत्तर ओझे ओढण्यासाठी ठेवलेले, त्यामुळे ताशी ६५-७० किलोमीटरच्या पुढे गाडी नुसती ओरडते. आंतरराज्य महामार्गांचा कायदा अमेरिकेत १९५६ सालचा. त्याआधीची ही गाडी शेतावरून गावच्या गोदामापर्यंत आणि गोदामापासून रेल्वेपर्यंतच्या रस्त्यांसाठी बेतलेली आहे. महामार्गावर ती चालत नाही ही तक्रार म्हणूनच तिच्या बाबतीत अस्थानी ठरते.

हा तपशील दिला त्याचे कारण असे, की रिस्टोरेशनच्या जगात ‘मूळ’ ह्या शब्दाला देवपण आले आहे आणि स्टेक-बेडच्या बाबतीत मूळ म्हणजे काय हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इंजिन, चासी, आस, केबिन ही कारखान्याची. फळ्या, खुंट आणि पट्ट्या ह्या मात्र पहिल्या दिवसापासून झिजण्यासाठीच होत्या. गुरांच्या खुरांनी, दगडविटांच्या घर्षणाने, पावसाने आणि खताने लाकूड काही वर्षांत खलास होई आणि शेतकरी जवळच्या वखारीतून मिळेल ते लाकूड आणून ते बदली. पट्टी मोडली तर एकच पट्टी बदलता यावी म्हणूनच कठडा असा सुटासुटा बनवलेला आहे. सत्तर वर्षे राबलेल्या ट्रकवर जर पहिलेच लाकूड शाबूत असेल तर त्या ट्रकने फारसे काम केले नाही एवढाच निष्कर्ष निघतो. तेव्हा नवे लाकूड घातले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. लाकूड बदलणे हा ह्या गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे आणि आजचा सुतार तेच करतो जे १९५५ सालच्या शेतकऱ्याने केले. हरकत आहे ती लाकडाला जे रूप दिले जाते त्यावर. कामाच्या ट्रकचे लाकूड रंगवलेले किंवा तेल पाजलेले असे. त्या काळच्या शेवरोले पिकअपच्या हौद्यातल्या पाइनच्या फळ्या तर काळ्या रंगवून येत. निवडक ओक, त्यावर वार्निशचे थरावर थर आणि मध्ये स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत पट्ट्या हा पुढच्या काळातल्या हौशी मंडळींनी लावलेला शोध आहे. अशा हौद्यात एक पोते घसटले तरी मालकाच्या पोटात गोळा येणार. मग त्या हौद्यात पोते कधीच पडणार नाही हे ओघाने आलेच.

बाजार ह्याच दिशेने का गेला ते पाहण्यासारखे आहे. त्याच कंपनीची, त्याच सालची, त्याच केबिनची अर्धा टनी पिकअप आणि दीड टनी स्टेक-बेड शेजारी उभी केली तर पिकअपला जास्त भाव मिळतो, हे तिथल्या लिलावांचे नेहमीचे चित्र आहे. स्टेक-बेड आकाराने मोठा, पोलाद जास्त, लाकूड जास्त, रिस्टोअर करायला मेहनतही जास्त; तरी किंमत कमी. कारणे उघड आहेत. तो घराच्या गॅरेजमध्ये मावत नाही, वीस इंची चाकांचे टायर महाग पडतात, आणि रविवारी बायकापोरांना घेऊन रमतगमत जावे असे त्यात काही नाही. त्यात पिकअपचा सामाजिक दर्जा पन्नासच्या दशकातच चढला. शेवरोलेने १९५५ मध्ये ‘केमिओ’ नावाची दिखाऊ पिकअप काढली, फोर्डने १९५७ मध्ये मोटारीच्या अंगाची ‘रँचेरो’ काढली, आणि सामान वाहणारे वाहन मिरवायचेही होऊ शकते हे अमेरिकेने मान्य केले. स्टेक-बेडच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. उलट अनेक मोठ्या ट्रकांच्या सुस्थितीतल्या केबिन, बोनेट आणि दारे काढून त्यांनी गंजलेल्या पिकअपी उजवल्या गेल्या आणि उरलेल्या चासी भंगारात गेल्या. कुणी ती केबिन नव्या छोट्या पिकअपच्या चासीवर चढवतो आणि त्यालाही जुना ट्रक म्हणून विकतो. जे स्टेक-बेड वाचले त्यांपैकी पुष्कळ मैदानी प्रदेशातल्या गहू पिकवणाऱ्यांच्या शेडमध्ये वाचले, कारण तिथे ट्रक वर्षातून सुगीचे काही आठवडे चाले आणि बाकी वर्ष छपराखाली उभा राही. अशा गाडीचा मीटर कमी मैल दाखवतो. पण ते मैल दीड टनाच्या गाडीवर त्याहून कितीतरी जास्त धान्य लादून काढलेले असतात, हे विकत घेणाऱ्याने विसरू नये.

बाजार कशाला भुलतो ह्याचा सर्वांत बोलका पुरावा २०१३ च्या सप्टेंबरात नेब्रास्का राज्यातल्या पिअर्स ह्या छोट्या गावी मिळाला. तिथल्या एका शेवरोले विक्रेत्याने दशकानुदशके न विकलेल्या आणि बदल्यात घेतलेल्या सुमारे पाचशे गाड्या साठवून ठेवल्या होत्या. त्यांचा लिलाव झाला तेव्हा गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे लोटली. धूळ पुसू नका, अशीच गाडी हवी, असा तिथला एकंदर सूर होता. १९५८ सालची एक केमिओ पिकअप, मीटरवर जेमतेम सव्वा मैल, १,४०,००० डॉलरला गेली. हे उदाहरण ‘जुनेपण जसेच्या तसे जपा’ म्हणणाऱ्यांचा विजय म्हणून सांगितले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे, कारण रंगरंगोटीवाचून एवढी बोली लागली. मला त्यात वेगळेच दिसते. सर्वांत मोठी किंमत अशा ट्रकला मिळाली ज्याने आयुष्यात एकही खेप केली नाही. म्हणजे झिलईवाले आणि धूळवाले दोघेही एकाच गोष्टीला भाव देत होते, ती म्हणजे कामाचा अभाव. एकाने कामाच्या खुणा घासून काढायच्या, दुसऱ्याने मुळात खुणाच नसलेली वस्तू शोधायची. राबलेला ट्रक दोघांनाही नको आहे.

मग जाणकार संस्था काय म्हणतात? अमेरिकेतल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबची स्थापना १९३५ ची. गाडी कारखान्यातून निघाली त्या स्थितीच्या किती जवळ आहे ह्यावर गुण देण्याची पद्धत तिथे रुजली आणि तिनेच बराच काळ हौशी जगाला वळण लावले. पुढे त्याच क्लबने मूळ अंग-रंग टिकवलेल्या, न रंगवलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग केला. आंतरराष्ट्रीय पातळीवर जुन्या वाहनांच्या महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२-१३ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूंच्या जतनाची जी तत्त्वे होती तीच इथे वाहनांना लावलेली आहेत : हस्तक्षेप शक्य तितका कमी, बदलांची नोंद, आणि वाहन चालते ठेवण्याचा आग्रह. ही सनद वाचताना स्टेक-बेडची बाजू तिच्यात आपोआप सामावल्यासारखी वाटते, पण व्यवहारात परीक्षकांचे डोळे मोटारींवर घडलेले असतात. कारखान्यातून निघतानाची स्थिती हा मापदंड सलून गाडीला चालतो. ज्या ट्रकची चासी एका ठिकाणी, हौदा दुसऱ्या ठिकाणी बनला आणि मालकाने तिसऱ्या महिन्यात त्यावर जादा कमानपाटा चढवला, त्याची ‘निघतानाची स्थिती’ म्हणजे नेमका कोणता दिवस? तो वाढीव पाटा काढून टाकणारा रिस्टोअरर गाडी मूळ स्थितीत आणत नाही. तिच्या चरित्राचे एक पान फाडतो. १९७१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटीसारख्या मंडळींनी निदान ट्रकचा इतिहास मोटारींपासून वेगळा मांडायला सुरुवात केली, त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

चरित्राची दुसरी पाने दारांवर असतात. त्या काळी ट्रकच्या दारावर मालकाचे नाव, गाव आणि धंदा हाताने रंगवलेला असे : अमुक डेअरी, तमुक इमारती लाकूड. मालक बदलला की वर नवा रंग, नवी अक्षरे. पत्रा हलक्या हाताने घासला तर जुनी अक्षरे थरांखालून डोकावतात. चांगला कारागीर इथे थांबतो, छायाचित्रे घेतो आणि मगच पुढे जातो. बहुतेक जण थांबत नाहीत. पत्रा उघडा करून, लांबी भरून, नवा रंग देऊन मोकळे होतात. त्याहून वाईट म्हणजे पुसलेल्या जागी खोटा इतिहास लिहिणे. गवत वाहणाऱ्या ट्रकच्या दारावर शीतपेयाचे किंवा पेट्रोल कंपनीचे जुन्या वळणाचे बोधचिन्ह काढले की ग्राहकाला ते गोड वाटते. खरे ट्रक कसे दिसत ते पाहायचे असेल तर पुरावा हाताशी आहे. फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनसाठी डोरोथिया लँग आणि तिच्या सहकाऱ्यांनी तीसच्या दशकात काढलेली हजारो छायाचित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहेत. त्यांत दोरखंडांनी बांधलेले कठडे दिसतात, वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या, छतावर गाद्या. स्टाइनबेकच्या १९३९ सालच्या ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’मधले जोड कुटुंब ज्या गाडीतून कॅलिफोर्नियाला जाते ती हडसनची मोटार आहे, मागचा भाग कापून तिचा ट्रक केलेला. गरज पडली की मोटारीचा ट्रक होत होता. हल्ली ट्रकची शोभेची मोटार होते.

ह्या साक्षीत गोड नसलेलेही पुष्कळ आहे. हौद्यातून मालच जाई असे नाही, मजूरही जात. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातल्या चुअलारजवळ रेल्वे फाटकावर एका ट्रकला मालगाडीने धडक दिली. सपाट हौद्यावर बाकडी टाकून, वर छत उभारून त्या ट्रकची बस केलेली होती. शेतावरून परतणारे ३२ मेक्सिकन मजूर त्यात मेले. मेक्सिकोतून कंत्राटी शेतमजूर आणण्याच्या ब्रासेरो योजनेखाली ते आले होते आणि ती योजना १९६४ अखेर बंद पडली, त्यामागच्या कारणांत ह्या अपघाताने उठलेला संतापही होता. कामाचा ट्रक म्हणजे सोनेरी गव्हाची शेते आणि शनिवारचा बाजार एवढेच, असे वार्निश लावलेली फळी सुचवते. माणसे जनावरांसारखी नेण्याचा इतिहासही ह्याच फळ्यांवर घडला. प्रत्येक विक्रेत्याने तो जाहिरातीत लिहावा असे कुणी म्हणणार नाही. हौद्यात बाकड्यांच्या बोल्टची भोके सापडली तर ती बुजवू नयेत, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. जुने जसेच्या तसे ठेवा म्हणणे सोपे आहे, पण ह्या गाड्यांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एका चाकाच्या नळीतून तेल गळाले की चारही चाकांचा ब्रेक जातो आणि पायाखालचे पेडल थेट जमिनीला टेकते. सहा व्होल्टच्या बॅटरीवर दिवे मिणमिणतात. सर्वांत धोक्याच्या आहेत त्या अनेक तुकड्यांच्या रिंगा. त्यातही दोन अर्धे एकमेकांत अडकवून केलेली फायरस्टोनची ‘आरएच-५’ ही रिंग पंक्चरवाल्यांमध्ये ‘विधवा करणारी’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. हवा भरताना ती सुटली तर तोफेसारखी उडते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने अशा रिंगा हाताळण्याचे वेगळे नियम १९८० मध्ये केले, त्यात हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवण्याची सक्ती आली. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो माझ्या कसोटीच्या विरुद्ध जात नाही. माल वाहू शकतो का, ह्या प्रश्नात तो थांबू शकतो का हे आलेच. दुहेरी ब्रेक सर्किट घाला, धोकादायक रिंगा फेकून एकसंध रिंगा बसवा, सीटबेल्ट लावा; फक्त चासीला नवी भोके न पाडता, पुन्हा काढता येईल अशा रीतीने, आणि केलेले लिहून ठेवून. शेतकऱ्याने पाटा चढवला तो जसा ट्रकच्या चरित्रातला खरा प्रसंग, तसाच हा. आक्षेपार्ह आहे ते ब्रेक जुनेच ठेवून वर आठ थरांचा रंग देणे, आणि विक्रीला येणाऱ्या कितीतरी गाड्यांची स्थिती नेमकी तीच असते. पैसा दिसणाऱ्या जागी जातो.

दुसरा आक्षेप असा, की वस्तू मालकाची आहे, त्याने ती आरशासारखी चमकवली तर तुमचे काय जाते? त्याचा हक्क निर्विवाद आहे. पण ज्या क्षणी तो ती ‘अस्सल कामाचा ट्रक’ म्हणून विक्रीला काढतो त्या क्षणी तो एक दावा करतो, आणि दावा तपासण्याचा हक्क घेणाऱ्याचा. तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : एवढा पैसा ओतलेल्या सत्तर वर्षांच्या ट्रकमध्ये विटा भरणार कोण? त्यासाठी आजचे ट्रक आहेत. शिवाय अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जुन्या वाहनांची खास नंबरप्लेट घेतली की गाडी प्रदर्शने, मिरवणुका आणि क्लबच्या फेऱ्यांपुरतीच वापरायची अट येते. म्हणजे कायदाच तिला कामावरून निवृत्त करतो. हे खरे असले तरी माल वाहण्याची क्षमता आणि माल वाहण्याचा धंदा ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. फळबागेतली पेट्यांची एखादी खेप, गावच्या जत्रेतला लाकूडफाटा एवढे ज्याला झेपते, त्याचे क्लच, पाटे, आस आणि रेडिएटर खरोखर ठीक आहेत हे सिद्ध होते. ट्रेलरवरून प्रदर्शनाला आणि प्रदर्शनातून ट्रेलरवर जाणाऱ्या ट्रकबद्दल तसे काहीच सिद्ध होत नाही. ओझ्याखाली चालवून न पाहिलेल्या ट्रकचे इंजिन ‘नव्यासारखे’ आहे ह्या विधानाला आधार तरी कशाचा?

घेणाऱ्याने नजर कुठे टाकावी हेही ह्यातूनच ठरते, आणि ती बहुतेक कमरेखाली वाकूनच टाकावी लागते. केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या हँगरपाशी चासीला तडे किंवा वेल्डिंगचे ठिगळ आहे का. कारखान्याचे रिव्हेट जागेवर आहेत की बोल्ट आले आहेत. केबिनचे खालचे कोपरे पत्र्याचे आहेत की लांबीचे, हे चुंबक लावून कळते. किंगपिन ढिले असतील तर पुढचे चाक हाताने हलते. टायरच्या खाचांची खोली उत्तम पण रबर वीस वर्षांपूर्वीचे, हा प्रकार सर्रास दिसतो. कागदपत्रांत एक जुनी मेख आहे. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक राज्यांत मालकीपत्रावर इंजिनाचा नंबर लिहिला जाई. कामाच्या ट्रकचे इंजिन आयुष्यात एकदा तरी बदललेले असतेच, त्यामुळे पत्रावरचा नंबर आणि समोरचे इंजिन जुळेलच असे नाही. हे विक्रीच्या आधी मिटवायचे असते. ज्या विक्रेत्याकडे कामाच्या आधीची, कामाच्या दरम्यानची आणि नंतरची छायाचित्रे आहेत, बदललेल्या भागांची यादी आहे आणि जुन्या मालकाचे नाव आहे, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. रंगासाठी जास्त देऊ नयेत.

हा सगळा वाद सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येईल, पण ह्या ट्रकांच्या कथेत मुंबईचा वाटा आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डनेही मुंबईत जुळणी केली. वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक जुळवले. देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम असेल तरच परवानगी, हे धोरण १९५३ मध्ये ठरल्यावर दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. इथेही चासी कारखान्याची आणि हौदा सुताराचा हीच रीत होती. पेट्रोल परवडेना म्हणून पुढे कित्येक जुन्या ट्रकांत पर्किन्सची डिझेल इंजिने बसली. म्हणजे घाटातून कांदा-बटाटा आणि आंबा वाहिलेल्या डॉज-फार्गोंच्या बाबतीत ‘मूळ’ काय, हा प्रश्न अमेरिकेपेक्षाही अवघड आहे आणि दुरुस्तीचा इतिहास त्याहून समृद्ध. अडचण अशी, की तो प्रश्न आपल्याकडे उपस्थितच होत नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले : ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण ते नियम लागू आहेत दुचाकींना आणि एम-१ वर्गाच्या, म्हणजे प्रवासी मोटारींना. मालवाहू गाडी त्या व्याख्येत बसत नाही. शिवाय चासी, अंग वा इंजिनात फेरफार झालेला नसावा ही अटही आहे, आणि राबलेल्या ट्रकला ती पाळणे जवळपास अशक्य. महाराजांची रोल्स-रॉइस आपल्या कायद्याला वारसा वाटते. कुर्ल्यात जुळवलेला फार्गो भंगार वाटतो. ह्या नियमात मालवाहू वाहनांचा वर्ग घालावा आणि त्यांच्यासाठी फेरफाराची अट कामाच्या गाडीला शोभेल अशी सैल करावी, ही मागणी महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांनी आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी मिळून केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे लावून धरावी.